दर्शना गमरेने सही केली नाही

आमच्या सडेवठारच्या संगणक खोलीत नवा माणूस शिरला तर त्याला वाटेल, इथे कुणाची तरी तब्येत बिघडलीय. पोरं एकमेकांना सांगत असतात, "काशीराम बंद पडलाय." "सखाराम तापलाय, पंखा त्याच्याकडे फिरव." घाबरू नये. काशीराम आणि सखाराम दोघेही कधीचे वारले. सखाराम तर माझा बापूस. आता त्याच्या नावाचा संगणक आहे आणि तो फार हळू चालतो. बापूस वल्ह्यावर बसला की तरणी पोरं मागे पडायची, हे कुणाला सांगू? पोरं म्हणतात, "आबा, तुमचा बापूस उघडेपर्यंत चहा पिऊन होतो." मी म्हणतो, पिऊन घ्या, त्याचं वय बघा.

ही खोली उभी केली दर्शना गमरेने. तिची गोष्ट सांगायला बसलोय. मी शिकलो गावच्या शाळेत, सातवीपर्यंत, त्यानंतर समुद्रावर. तेव्हा संगणकाबद्दल माझं काही चुकलं तर ते माझं, आणि बरोबर आलं तर ते दर्शनाने शिकवलेलं.

दर्शना आमच्या गावच्या बौद्धवाडीतली सून. माहेर अलोऱ्याचं. तिचा बाप धोंडू तिकडे एका ठेकेदाराकडे वायरमनच्या हाताखाली होता. बापाचा डबा घेऊन गेलेली ही पोरगी डबा पोचवून परत यायची नाही, तिथेच बसून वायरी सोलायची. लग्न होऊन इथे आली तर पहिल्या आठवड्यात सासूचा मिक्सर खोलून बसली. सासू शेजारी सांगत सुटली, "सून आणली की भंगारवाला आणला, कळत नाय." संध्याकाळी मिक्सर चालू झाला तेव्हा तीच सासू दारोदार वाटण वाटून देत फिरली. पुढे दर्शना रत्नागिरी शहरात एका दुरुस्तीच्या दुकानात लागली. मालकाला वाटलं होतं बाई काउंटर सांभाळेल. काउंटर शेवटी मालकच सांभाळत होता.

तिचा नवरा धम्मदीप मुंबईला. एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत साफसफाईच्या कामावर. त्याने गणपतीत आल्यावर सांगितलं की तिकडे नवे संगणक आले की जुने जिन्याखाली टाकतात, चांगले चालणारे. मग पुनर्जोड नावाची एक संस्था येते, ते गोळा करते, नीट करते आणि शाळांना फुकट वाटते. झालं. दर्शनाने त्या संस्थेतल्या अजिंक्य नावाच्या मुलाला फोन लावायला सुरुवात केली. तो मुलगा नंतर मला म्हणाला, "आबा, आम्ही संगणक गरज बघून देतो. यांना मात्र फोन थांबावेत म्हणून दिले."

संगणक आणायचे कसे? आमच्या मिरकरवाडा बंदराहून मासळीची गाडी रोज मुंबईला जाते आणि रिकामी परत येते. त्याच गाडीतून ते आले, बर्फाच्या पेट्यांच्या शेजारी बसून. उतरवले तर एकेका संगणकाला सुरमईचा वास. दर्शनाने ते उघडून, आम्ही सुकट वाळत घालतो त्या खळ्यात, उन्हात ओळीने मांडले. एक मांजर दोन दिवस त्यांच्याभोवती फिरत होतं.

खोली मागितली ती आमच्या मच्छीमार सोसायटीची, जाळी ठेवायची. अध्यक्ष खंडू. बौद्धवाडीतली बाई आम्हा मच्छीमारांच्या खारवीवाड्यातल्या खोलीची चावी घेऊन फिरणार, यावर काही लोकांनी तोंडं वाकडी केली. ती खंडूला म्हणाली, "अध्यक्ष, खोली तुमची, जाळी तुमची, वास पण तुमचाच. मला फक्त प्लग द्या." खंडू हसला. हसलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. चावी मिळाली.

टेबलं, वायरी, पंखे गावाने दिले. आणि आमच्याकडे एखाद्या घराने काही दिलं की त्यावर घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव घालायचं. देवळातला पंखा बघा, शाळेतला बाक बघा, एसटीच्या थांब्यावरचा कठडा बघा, सगळीकडे 'कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ'. मग संगणक कोरा कसा सोडायचा? धाकूला बोलावलं. धाकू म्हणजे होड्यांवर नावं आणि नंबर रंगवणारा. त्याचं अक्षर लांबून वाचता येतं. धाकूने प्रत्येक संगणकाच्या पेटीची सपाट बाजू बघितली, तिथे एक चकचकीत चिकट कागद दिसला, तो सुरीने खरवडला, वर रॉकेलचा बोळा फिरवला आणि जागा लख्ख करून नाव घातलं. काशीरामाची बायको कमलाबाई अक्षरावरून बोट फिरवत म्हणाली, "बरा काढलान. होडीवर पण असाच होता."

पुढे काही वर्षं खोली छान चालली. कुणाची मुलगी बारावीचा फॉर्म भरी, कुणी बोटीचे कागद काढी, मुलं टायपिंग शिकत. मी पत्ते खेळायला शिकलो, संगणकाशीच. हरलो तरी कुणाला कळत नाही.

मग एक दिवस पडदे काळे झाले आणि कोपऱ्यात आलं की तुमची प्रत अस्सल नाही. एकाच नाही, सगळ्यांवर. दर्शनाने काय केलं? संगणक ज्यावर चालतो ती आतली प्रणाली ज्या कंपनीची होती, त्यांच्या मदतीच्या नंबरवर स्वतः फोन केला. स्वतःचं नाव सांगितलं, गाव, तालुका, जिल्हा, खुणेसाठी मारुतीचं देऊळ. सांगितलं की संगणक दान आलेत, परवान्यासकट आलेत, आता असं दिसतंय, काय करू? तिकडच्या बाईने विचारलं, पेटीवरचा परवान्याचा कागद वाचून दाखवा. दर्शना उठली, पेटीकडे गेली आणि वाचलं, "कैलासवासी काशीराम यांच्या स्मरणार्थ."

कंपनीचं नाव मी लिहीत नाही. त्यांची जाहिरात फुकट कशाला करू.

थोड्याच दिवसांनी त्यांचा माणूस गाडी घेऊन हजर. भावेश नाव, तरुण, कपडे इस्त्रीचे, बोलायला नम्र. त्याने एकेक पेटी फिरवून बघितली, फोटो काढले. मी, खंडू, धाकू, दर्शना उभे.

"इथे कागद होता ना? कुणी काढला?" त्याने विचारलं.

धाकू छाती पुढे काढून म्हणाला, "मी. त्याच्यावर रंग बसत नाय साहेब. फुगतो."

"तो कागद म्हणजेच परवाना होता, काका. तो पेटीवर असला तरच ही प्रणाली वापरता येते."

"मग तसा लिवायचा त्याच्यावर," धाकू म्हणाला.

"लिहिलं होतं."

"इंग्रजीत ना?"

भावेशने मान डोलावली. धाकू घरी पळाला आणि रंगाचा डबा घेऊन आला. खरवडताना एक कागद आख्खा सुटला होता, तो त्याने झाकणावर चिकटवून ठेवला होता, चकाकतो म्हणून. भावेशने तो बघितला आणि कपाळ चोळलं. "हा आता चालत नाही. पेटीवरून निघाला की गेला."

"म्हणजे डब्याला परवाना आहे," दर्शना म्हणाली, "आणि संगणकाला नाही."

मी मध्ये बोललो. माझी सवय आहे. विचारलं, "साहेब, होडी विकत घेतली तर तिचं सुकाणू माझं ना?"

"काका, इथे होडी तुमची आहे. सुकाणू कंपनीचं आहे. तुम्हाला ते धरायची परवानगी असते फक्त."

"मग खडकावर आपटली तर दुरुस्ती कंपनी करते?"

तो हसला. मुलगा वाईट नव्हता. त्याने बॅगेतून एक छापील कागद काढला आणि दर्शनापुढे ठेवला. त्यात लिहिलं होतं की आम्ही बेकायदा प्रती वापरल्या, हे आम्हाला मान्य आहे, आणि आम्ही माफी मागतो. खाली दर्शना गमरे, संचालिका, आणि रेघ. सही केली की कंपनी नवे परवाने फुकट देणार, छोटा कार्यक्रम होणार, फोटो निघणार. नाही केली तर खटला आणि खोलीला सील.

"बेकायदा काढा," दर्शना म्हणाली. "जे घडलं ते लिहा. परवान्यासकट आले, नाव रंगवताना कागद खरवडला गेला, मीच फोन करून कळवलं. त्याखाली आत्ता सही करते."

"मजकूर वरून ठरलेला आहे, मॅडम. मला बदलता येत नाही."

"मग मलाही करता येत नाही."

तो कागद ठेवून गेला. विचार करा म्हणाला.

आता खरी गंमत सुरू झाली. ज्याला त्याला वाटायला लागलं की एक सही म्हणजे काय मोठं. अजिंक्यचा फोन आला, "ताई, करून टाका. तुमच्यामुळे लोक आमच्या संस्थेकडे पण बोट दाखवतायत. कागदच आहे तो." धम्मदीपसुद्धा मुंबईहून म्हणाला की फुकट नवे परवाने मिळतायत तर घे. खंडूने तर सरळ सांगितलं. त्याचीही बाजू होती. सोसायटीच्या नावाने खटला उभा राहिला तर बोटींच्या डिझेलची सवलत अडकेल, ही त्याला भीती. तो म्हणाला, "दर्शना, सही तरी कर, नाय तर चावी तरी दे. दोन्ही धरून बसू नको."

मी एकटा तिच्याकडे गेलो. ती ओटीवर बसून सखारामाची पेटी साफ करत होती. मी म्हटलं, "पोरी, एवढी का अडून बसलीस?"

तिने ब्रश खाली ठेवला नाही. काम करता करताच सांगितलं. "आबा, माझे वडील ठेकेदाराकडे होते ना, तिथे एकदा तांब्याची तार गेली. ठेकेदाराने सगळ्या हाताखालच्या माणसांना बोलावलं आणि म्हणाला, यावर अंगठा करा, नुसती चूक झाली म्हणून, मग विषय संपला. बाकीचे करत होते म्हणून वडिलांनी पण केला. विषय संपला नाही. पुढे काही गेलं, की ठेकेदार तो कागद काढायचा आणि वडिलांना सगळ्यांच्या मागे उभं करायचा. तार नंतर गोदामातच सापडली. कागद काही कुणी फाडला नाही. मी डबा घेऊन जायची तेव्हा ते मागे उभे दिसायचे."

मी खाली बसून तिचे स्क्रू वाटीत गोळा करायला लागलो. न सांगता काम करणं माझ्याकडून क्वचित होतं.

"खोली गेली तर दुसरी बघीन," ती म्हणाली. "पण या खोलीत शिकलेल्या मुलांना उद्या कुणी म्हणालं की तुम्ही चोरीच्या मशीनवर शिकलात, तर ते माझ्या सहीने नको म्हणायला."

तिने भावेशला फोन केला आणि म्हणाली, या, तुमची वस्तू घेऊन जा. त्याला वाटलं बाई वळली. दिवस मासेमारी बंदीचे होते, होड्या वर ओढलेल्या, गडी घरात बसून कंटाळलेले. दर्शनाने गावभर सांगितलं होतं, सगळ्यांनी बघायला या. आख्खा खारवीवाडा आणि आख्खी बौद्धवाडी त्या खोलीत आणि पडवीत. बाहेर पाऊस. जाळ्यांच्या खोलीत एवढी माणसं मी जाळी होती तेव्हाही बघितली नव्हती.

भावेश आला. दर्शनाने त्याला पहिल्या संगणकापुढे खुर्ची दिली. "ही तुमची प्रणाली. घ्या परत."

"मॅडम, ती अशी हातात घेता येत नाही."

"मग मी काढते. तुम्ही बघा." तिने खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्यात लिनक्स होतं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली प्रणाली, कुणीही घ्यावी, कुणालाही द्यावी, उघडून आत बघावी. तिने जमलेल्यांना समजावलं, "हे विहिरीसारखं आहे. ज्याला हवं त्याने भरून न्यायचं, कुणी परवाना मागत नाही." बौद्धवाडीतल्या बाईच्या तोंडून विहीर हा शब्द निघाला की आमच्या वयाच्या खारव्यांना जरा खाली बघावं लागतं. बघितलं आम्ही.

भावेश उठून उभा राहिला. "तुम्ही पुरावा पुसताय."

"तुम्ही मागच्या वेळी सगळ्यांचे फोटो काढलेत. ते जपून ठेवा. वापरलं हे मी नाकारत नाही. परवान्यासकट आलं होतं म्हणून वापरलं, हे कोर्टात पण सांगीन. चोरलं हे कुठेच सांगणार नाही."

ती काशीरामाकडे वळली तशी कमलाबाई पुढे झाली. "गो बाय, काशीराम पुसतंस की काय?"

"आजी, काशीराम बाहेरून रंगवलाय. आत भलताच कुणी बसला होता. त्याला उठवते."

"उठव मग. भाडा पण दिलान नाय मेल्यानं."

पडवीपर्यंत हसू गेलं. भावेशच्या पण तोंडावर आलं, त्याने खाली मान घातली. दुपारभर ते चाललं. एकेक पडदा काळा व्हायचा आणि नवा रंग घेऊन उजळायचा. सखाराम तर पूर्वीपेक्षा चपळ झाला. मी आजूबाजूला सगळ्यांना सांगितलं, बघा, हा खरा माझा बापूस.

शेवटी भावेशने तोच कागद पुन्हा काढला. "झालं ते झालं. मागच्या वापरासाठी तरी सही लागेल."

"नाही."

"मग मला नकार दिला असं लिहावं लागेल."

"लिहा. दर्शना धोंडू गमरे, राहणार सडेवठार, सही करीत नाही. बापाचं नाव नीट लिहा." त्याच्या लॅपटॉपची बॅटरी नेमकी संपत आली होती. तिने स्वतः वायर ओढून त्याला प्लग दिला. तो टाइप करत असताना चहा आणून दिला. तो चहा पिऊन, सगळ्यांना नमस्कार करून गेला.

मग खंडू पुढे आला. "आता चावी दे, दर्शना."

"ती पण नाही, अध्यक्ष. तुमच्या भीतीपायी मी मुलांना बाहेर काढणार नाही. काढायचं तर तुम्ही काढा, सगळ्यांसमोर."

खंडूला राग आला. अध्यक्ष आहे शेवटी. त्याने नितेशला, आपल्या बोटीवरच्या गड्याला, हाक मारली, "उचल रे ती मशीन. गोदामात टाक."

नितेश काशीरामाला हात लावतो तोच कमलाबाई म्हणाली, "ठेव. माझा माणूस हाय तो." त्याने हात काढला. पुढच्याला लावला, तर त्या घरचा मुलगा शांतपणे येऊन टेबलाला टेकून उभा राहिला. सखारामापुढे मी खुर्ची ओढून बसलोच होतो. एकेक घर आपापल्या माणसाजवळ गेलं. आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव असलेली वस्तू दुसऱ्याने उचलून गोदामात टाकायची रीत नाही. नितेश खोलीभर फिरून आला आणि म्हणाला, "अध्यक्ष, एकच मोकळा हाय. प्रिंटर. तो पण बिघडलेला."

खंडूने प्रिंटरकडे बघितलं. मग म्हणाला, "प्रिंटर राहू दे," आणि छत्री घेऊन निघाला. दारातून वळून दर्शनाला सांगितलं, "कोर्टाचा कागद आला तर पहिला मला दाखव. सोसायटीचा वकील हाय, बसून पगार खातो."

आजवर तो कागद आलेला नाही. येणार नाही असं मी म्हणत नाही, दर्शनाही म्हणत नाही. पुनर्जोडने मात्र आम्हाला यादीतून काढलं. अजिंक्यने फोनवर वाईट वाटतंय असं तीनतीनदा सांगितलं. ती म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस. मला पेनड्राइव्ह पुरतो." आता ती रत्नागिरीतच फिरते, वकिलांकडे, दवाखान्यांत, दुकानांत. जुने संगणक मागते, आतलं सगळं देणाऱ्यासमोर पुसते आणि लिनक्स घालून गावोगाव देते. धम्मदीप सुट्टीत आला की पेट्या उचलतो. तो म्हणतो, "मुंबईत साहेबांचं सामान उचलतो, इथे बाईचं."

परवा मंडणगडहून संध्या नावाच्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. त्यांच्या शाळेलाही असेच दान आलेले संगणक, आणि तसाच कागद. सही करायची नाही एवढं त्यांनी ठरवलं होतं, पुढचं कळत नव्हतं. दर्शना एका पेटीत डोकं घालून बसली होती. बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या, "ते पुढच्या आठवड्यात येतायत. त्यांना काय लिहून देऊ?"

"काही नाही," दर्शना आतूनच म्हणाली. "चहा द्या, आणि समोर बसवून लिनक्स घालून दाखवा. मी आदल्या दिवशी येते."

मीही जाणार आहे. मंडणगडची एसटी लांबची आहे, तिला वाटेत सोबत नको का? आणि त्या बाईंना माझ्या बापसाची गोष्ट अजून ठाऊक नाही.